गाडीचा विमा : मालकाची मेहेरबानी नव्हे, रस्त्यावरच्या माणसाचा हक्क!

जुहू म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले उभे राहतात. त्याच जुहूत नेहरूनगरची वस्ती आहे, कोळीवाडा आहे, हे कुणाला आठवत नाही. बंगल्यातून सकाळी गाडी बाहेर पडते तेव्हा तिचे स्टिअरिंग बहुधा वस्तीतल्या माणसाच्या हातात असते. भल्या पहाटे ती गाडी पुसणारा पोरगा वस्तीतला, रस्ता झाडणारी बाई वस्तीतली आणि बस चुकली म्हणून जुहू तारा रोडवरून पायी निघालेला वॉचमनही वस्तीतलाच. गाडी एकाची आणि तिचा धोका दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

म्हणूनच आज आम्ही मोटारीच्या विम्यावर लिहीत आहोत. 'आपल्याकडे गाड्या कुठे, मग विम्याचे काय घेऊन बसलात?' असे काही बांधव विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, गाडी नसलेल्या माणसालाच या विम्याची माहिती जास्त हवी. शिवाय आता आपल्या समाजातही नोकरदार आले, छोटे व्यावसायिक आले. दारात मोटारसायकल आली, कुणाच्या दारात जुनी का होईना चारचाकी आली. टेंपो आणि टॅक्सीवर तर कित्येक घरांची चूल पेटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता आपलीच माणसे आहेत.

विम्याचा विचार आपल्याला परका नाही. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. ती मागणी आयुर्विम्यापुरती होती, मोटारीबद्दल नव्हती. पण कर्ता माणूस गेला म्हणून त्याचे कुटुंब रस्त्यावर येता कामा नये आणि ही हमी कुणाच्या दयेवर नव्हे तर कायद्यावर उभी असावी, हा तिचा गाभा होता. मोटारीच्या सक्तीच्या विम्यामागेही हेच तत्त्व आहे.

थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत

मोटार विम्याचे मुख्य भाग तीन. पहिला थर्ड पार्टी, दुसरा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि तिसरा व्यक्तिगत अपघाताचा. एजंट हे तिन्ही एकाच कागदावर भराभर टिकमार्क करून देतो आणि आपण सही करून मोकळे होतो. पुढे दावा करायची वेळ आली की कळते, जे हवे होते तेच कागदावर नव्हते.

यातला पहिला भाग सक्तीचा आहे. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक आणि दुसरा पक्ष कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे त्या कराराशी काहीच संबंध नसलेला, रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्याच्यासाठी विम्याचे स्वतंत्र प्रकरण होते आणि ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. आजच्या १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ सांगते की, तिऱ्हाईताच्या जोखमीचा विमा असल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येणार नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो.

याचा हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये हप्ता आहे. त्यावर कर वेगळा. म्हणजे छोट्या मोटारीला दिवसाला सहा रुपयेही पडत नाहीत. एवढ्या पैशात कंपनी काय पत्करते? गाडीमुळे तिऱ्हाईताच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंतची मर्यादा असते. पण माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती द्यावी लागते.

ही रक्कम कशी ठरते, ते प्रत्येक घराने समजून घ्यावे. समजा, महिना १५ हजार कमावणारा ३२ वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या चुकीने अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हिशेबाची रीत घालून दिली आहे. भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवा, म्हणजे झाले २१ हजार. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करा, उरले १५,७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक. एकूण रक्कम ३० लाख २४ हजार रुपये. अंत्यविधी, सहवासाचे नुकसान वगैरेंच्या ठरलेल्या रकमा याच्या वर. आता आठवा, अशा वेळी इस्पितळाच्या व्हरांड्यात काय चालते? मालकाचा माणूस येतो, पन्नास हजारांचे पाकीट पुढे करतो आणि 'कोर्टकचेरीत काय मिळणार?' असे म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. तीस लाखांचा हक्क पन्नास हजारांत विकला जातो आणि वर उपकार मानले जातात! कंपनी पैसे देणार असते, मालकाच्या खिशाला तोशीसही लागणार नसते, तरी हे घडते. कारण आपल्याला माहीत नसते.

घरकाम करणाऱ्या स्त्रीचे काय, असेही विचारले जाते. तिला पगार नाही म्हणून तिच्या जिवाला मोल नाही, हे कायदा मानत नाही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल पैशात मोजलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील कीर्ती निकालात बजावले आहे.

फौजदारी खटला वेगळा, भरपाई वेगळी

जुहूपासून दक्षिणेला गेले की वांद्रे. तिथे २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे बेकरीबाहेर झोपलेल्या मजुरांवर अभिनेता सलमान खान यांची गाडी चढली. एक जण ठार, चार जखमी. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये सलमान खान यांना शिक्षा दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या आधी, १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे खारजवळ कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले. त्यात चालकाला झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. एकात सुटका, दुसऱ्यात शिक्षा. वस्तीत चर्चा होते ती एवढीच. 'सुटला ना, आता काय मिळणार?'

इथेच आपले लोक फसतात. आरोपीला तुरुंगात पाठवायचे तर गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तेवढ्या कडक पुराव्याची गरज नसते. अपघात त्या गाडीने, निष्काळजीपणामुळे झाला हे जास्त संभवनीय आहे, एवढे दाखवले तरी पुरते. म्हणून फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे आपोआप बुडत नाही. दोन्ही लढाया वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही लढायच्या असतात.

दुसरा गैरसमज 'हिट अँड रन' या शब्दाचा. ७ जुलै २०२४ रोजी पहाटे वरळीत स्कूटरवरून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी दांपत्याला मोटारीने उडवले. त्यात पत्नीचा मृत्यू झाला. आरोपी तरुण त्या रात्री जुहूच्या एका बारमध्ये होता, असे पोलीस तपासात पुढे आले आणि त्या बारवर उत्पादन शुल्क खात्याची व महापालिकेची कारवाई झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण वर्तमानपत्रांनी याला 'हिट अँड रन' म्हटले, म्हणून भरपाईच्या कायद्यातही ते तसेच, असे समजू नये. ज्या गाडीचा पत्ताच लागत नाही तिचा अपघात म्हणजे कायद्याच्या भाषेत 'हिट अँड रन'. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार अशी ठराविक भरपाई आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. चालक पळाला, पण गाडीचा नंबर मिळाला, तर मार्ग खुला आहे तो पूर्ण भरपाईच्या दाव्याचा. कुणी दोन लाखांवर समजूत घालू लागला तर आधी विचारा, गाडी सापडली आहे ना?

चूक कुणाची हे सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ आहे. त्यात निष्काळजीपणा सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात.

स्वतःच्या गाडीचे नुकसान

विम्याचा दुसरा भाग 'ओन डॅमेज'. थर्ड पार्टीसह तो घेतला की त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात. सप्टेंबर २०१९ पासून हा भाग वेगळाही घेता येतो. चोरी, आग, अपघात, पूर, दंगल यांत गाडीचे नुकसान झाले तर यातून पैसे मिळतात. तो सक्तीचा नाही. मात्र कर्ज काढून गाडी घेतली असेल तर बँक त्याचा आग्रह धरतेच.

यात 'आयडीव्ही' हा शब्द महत्त्वाचा आहे. विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत असा त्याचा अर्थ. गाडी चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळतात. दुसऱ्या वर्षात किंमत २० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घटलेली धरतात. हप्ता कमी दाखवण्यासाठी एजंट आयडीव्ही खाली ओढतो, तेव्हा तो आपलीच भरपाई कापत असतो. दुरुस्तीतही रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. पूर्ण हवे असतील तर 'झिरो डेप' हे जादा संरक्षण घ्यावे लागते. वर्षभर दावा केला नाही तर 'नो क्लेम बोनस' मिळतो. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे हजार-दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करणे बहुधा तोट्याचे ठरते.

२६ जुलै २००५ ला जुहूच्या शेजारी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचे नुकसान विम्यात असते, पण पाण्यात बुडालेली गाडी मालकाने चावी फिरवून सुरू करू पाहिली आणि इंजिनात पाणी शिरून ते फुटले, तर कंपन्या ते पैसे नाकारतात. म्हणून पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करू नये, फोटो काढून ठेवावेत, कंपनीला कळवून ती ओढून न्यावी. सखल भागात राहणाऱ्यांनी इंजिनाचे जादा संरक्षण घेतलेले बरे.

चालवणाऱ्याचे काय?

तिसरा भाग व्यक्तिगत अपघात विम्याचा. मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर वारसांना १५ लाख मिळतात. अशा अपघाती विम्याचे दुसरे कवच नसेल तर परवानाधारक मालकाला हा भाग घ्यावा लागतो. पण त्याच्या नावातच 'ओनर-ड्रायव्हर' आहे. जुहूच्या बंगल्यावर पगारावर राहिलेला ड्रायव्हर यात बसत नाही.

मोटारीवरच्या चालकाला कामगार म्हणून भरपाईचा हक्क कायद्याने मिळालेला आहे. ती जबाबदारी मालकाची. मालकाने पॉलिसीत पगारी चालकाचा भाग जोडला असेल तर ती कंपनी उचलते. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. बंगल्यातल्या एका चहापानाला जास्त खर्च होतो. तरीही कित्येक पॉलिसींवर ती ओळ कोरी असते. ड्रायव्हर बांधवांनी कामावर रुजू होतानाच पॉलिसीची प्रत पाहायला मागावी. हे मागण्यात लाज कसली? दुसऱ्याच्या लाखोंच्या गाडीची जबाबदारी आपण घेतो, आपल्या जिवाची जबाबदारी कुणी घेतली आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

गाडीत किंवा मागच्या सीटवर बसलेल्यांचाही प्रश्न आहे. दुचाकीच्या मागे मित्र म्हणून बसलेला माणूस नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. पॅकेज पॉलिसीत मात्र तो येतो. आणि दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन चालवणारा स्वतःच्या चुकीने पडला तर तो मालकाच्या जागी उभा राहतो, तिऱ्हाईत राहत नाही. आपल्या तरुणांनी हे पाठ करून ठेवावे.

कागद कुठे तोकडा पडतो

आता चळवळीच्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, विजयादशमीला दीक्षाभूमी. गावोगावचे बांधव पदरमोड करून निघतात. पुष्कळदा टेंपो किंवा ट्रक भाड्याने ठरतो आणि पन्नास माणसे उभी राहून येतात. माल वाहणाऱ्या गाडीत बसलेले असे प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाहीत, हे आशा राणी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आणि आजच्या कलम १४७ मध्येही मालगाडीतले फुकट प्रवासी वगळलेले आहेत. मालासोबत जाणारा मालाचा मालक यात येतो, अभिवादनाला निघालेला बांधव येत नाही. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण त्या आशेवर बायकापोरांना ट्रकमध्ये चढवू नये. थोडे जास्त पैसे जातील, पण प्रवासी परवान्याची बस करा आणि तिच्या विम्याची तारीख आधी पाहा.

खाजगी मोटार भाड्याने फिरवणे हाही असाच घात आहे. पॉलिसीवर 'भाड्याने देण्यासाठी नाही' असे लिहिलेले असते. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाच्या भाड्याला दिली आणि अपघात झाला की कंपनी हात वर करते.

लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती गाडी देणे तर घर विकायला काढण्यासारखे आहे. तिऱ्हाईताला पैसे मिळावेत म्हणून कंपनी भरील, पण नंतर ते मालकाकडून वसूल करील. दारू पिऊन चालवण्याबाबतही २०१९ च्या दुरुस्तीने कंपनीला बचावाचा मुद्दा मिळाला आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही सावध राहावे. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे. जुहूची गाडी असेल तर अंधेरी आरटीओत नाव बदलले की नाही, हे विकणाऱ्याने पाहावे. नोंद बदलली नाही तर कागदोपत्री मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार निकालात म्हटले आहे. गाडी विकून पैसे खर्च झाले आणि दोन वर्षांनी भरपाईची नोटीस दारात आली, अशी वेळ कुणावर येऊ नये.

अपघात झालाच तर

जखमीला आधी इस्पितळात न्यावे. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. तिच्यानुसार नेमलेल्या इस्पितळात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. गाडीचा नंबर टिपून ठेवावा. नंबरावरून विमा आहे की नाही, हे 'एम-परिवहन' अ‍ॅपवर पाहता येते. एफआयआर, पंचनामा, इस्पितळाचे कागद, मृत्यू असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, सगळ्याच्या प्रती घ्याव्यात. पगाराची चिठ्ठी नसेल तर बँकेचे पासबुक, मालकाचे मोबाइलवरचे संदेशही कामाला येतात. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे ठाण्यात जाऊन विचारावे.

दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण आपण त्यावर विसंबून घरी बसू नये. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. मूळ गावच्या जिल्ह्यात राहत असाल तर तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. वकिलाची फी हा अडथळा मानू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ज्यांची स्वतःची पॉलिसी आहे आणि कंपनीने दावा नाकारला आहे, त्यांच्यासाठी सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथेही फी नाही.

बांधवांनो, हा कायदा तिऱ्हाईतासाठी केला गेला आणि रस्त्यावरचा तो तिऱ्हाईत बहुतेक वेळा आपणच असतो. तेव्हा आमची सूचना एवढीच की, येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्यावा. प्रत्येकाने आपल्या गाडीची पॉलिसी घेऊन यावे. ड्रायव्हर बांधवांनी मालकाच्या पॉलिसीची प्रत आणावी. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती वाचून दाखवावी, तारीख संपली असेल त्याला तिथेच सांगावे. आणि अभिवादनासाठी गाडी ठरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने निघण्याआधी तिचा विमा तपासावा. 'शिका' या आदेशात आपल्या हक्काचा कागद वाचायला शिकणेही आले.

जयभीम!